ओटीवरची पाठ

९ जानेवारी, शुक्रवार

पाठ. माझी पाठ! थिएटरच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती माझी पाठ!

आणि शेजारच्या खुर्चीत मार्तंड हमसून हमसून रडतोय. "विनिता, आई बघ. बघ ना, हसतेय आई." (तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. आमच्याकडे नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. इथे मारते. कागदाला कान नसतात.)

बघितली. सासूबाईंचं हिरवं लुगडं, पावडर थापून पांढरा केलेला अंबाडा, सुपारी कातरणारा हात, आणि हलणारे खांदे. सगळं माझं! लुगडं तेवढं सासूबाईंचं. मार्तंडनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

गेल्या वर्षी आमच्या वाडीत शूटिंग झालं, तो सिनेमा आज अलिबागला लागला. 'कोणीतरी कट म्हणा'. गोष्ट अशी — छे, गोष्ट नाहीच! एक दिग्दर्शक कोकणातल्या एका वाडीत सिनेमा काढायला येतो. कसला सिनेमा? तर एक दिग्दर्शक कोकणातल्या एका वाडीत सिनेमा काढायला येतो, त्याचा! हिरो रुसून निघून जातो, मग नारळ पाडणाऱ्याला हिरो करतात. पटकथा बकरी खाते. मग बकरीला विचारून विचारून सीन लिहितात. मध्येच कळतं की कॅमेऱ्यात कार्डच घातलेलं नाही, तरी शूटिंग चालूच. शेवटी सगळे भांडून चालते होतात आणि घराची म्हातारी मालकीण तेवढी ओटीवर उरते, पाठमोरी, सुपारी कातरत. चार मिनिटं तीच. गाणं नाही, बोलणं नाही. आडकित्त्याचा आवाज. मग अंधार. संपला सिनेमा.

गाव हौसेनं आलं होतं. आपली वाडी दिसणार, आपला चुलतभाऊ दिसणार. मध्यंतरात निम्मे उठले. "ह्याला काय पिक्चर म्हणतात?" "पोरांनी गच्चीवर केलेलं नाटक बरं!" उरलेले बकरीला हसले, ते मात्र पोट धरून. शेवटची पाठ आली तसा मागून कोणीतरी ओरडला, "आता तरी कट म्हणा रे!" सगळं थिएटर खिदळलं. मार्तंड ताडकन उठला. "गप्प बसा! माझी आई आहे ती!"

मी डोळे मिटले आणि खुर्चीत आणखी खाली सरकले.

१० जानेवारी, शनिवार

नीट लिहून काढते. डोकं तरी रिकामं होईल.

पहिल्या निम्म्या सिनेमात दिसतात त्या खऱ्या सासूबाई. विहंग — दिग्दर्शक, मुंबईचा, तिशीचा, डोक्यावर केसांचा बुचडा — जागा बघायला आला आणि ओटीवरच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाई बघून तिथेच पाघळला. "आजी, तुम्ही काही करू नका. आहात तशाच बसा." जन्मात कोणाचं न ऐकणारी बाई त्याचं ऐकायला लागली! ॲक्शन म्हटलं की सुरू. कट म्हटल्याशिवाय हलायचं नाही. एकदा गांधीलमाशी मानेवर बसली तरी हलल्या नाहीत. कट झाल्यावर तिची आई-बहीण काढली, गांधीलमाशीची.

पोटच्या मुलाशी मात्र अबोला. मार्तंडनं रस्त्याकडेचा वाडीचा तुकडा मुंबईच्या एका माणसाला बंगल्यासाठी विकला, सासऱ्यांनी लावलेले माड पडले, त्या दिवसापासून शब्द नाही. सगळं माझ्यामार्फत. "विनिता, त्याला सांग, पंप बंद कर म्हणावं." हा समोरच उभा! "विनिता, आईला सांग, केलाय." घरात माणसं तीन आणि त्यातली मी टेलिफोनची तार. तसंच चालू राहिलं आणि एका सकाळी सासूबाई उठल्याच नाहीत. शूटिंगचा शेवटचा शॉट तेवढा राहिला होता; मार्तंड तिकडे फिरकतच नसे, त्याला ते ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी मला विचारत होत्या, "माझा शेवटचा शिन कधी गं? त्या पोराला शब्द दिलाय मी."

मार्तंड आणि वन्सं — त्याची बहीण केसर, उरणला असते — अस्थी घेऊन हरिहरेश्वरला गेले, त्याच दिवशी विहंग आला. टेम्पो, कॅमेरा आणि तीन-चार पोरं. आला तो रडवेलाच. शेवट नसेल तर सिनेमा डब्यात. "काकू, पाठमोरंच बसायचंय. तुमची चण अगदी आजींसारखी. प्लीज." मी आधी नाही म्हटलं. मग सासूबाईंनी दिलेला शब्द आठवला. हो म्हटलं. लुगडं आवडाबाईनं नेसवलं, मला नऊवारी कुठली नेसता येते! वाडीत वर्षानुवर्षं कामाला येते ती. "मयताचं लुगडं हाय, वैनी. जित्या मानसानं नेसू न्हाय." तरी नेसवलंन.

विहंग म्हणाला ॲक्शन. मी सुपारी कातरायला लागले. कट काही येईना. हलायचं नाही हे ठाऊक. कातरते आहे, कातरते आहे... मग रडायला लागले. का, ते आज नाही लिहीत. बऱ्याच वेळानं मान वळवली तर कोणी नाही! मागच्या दारी वडापाव आले होते. सगळे तिकडे. कॅमेऱ्याचा लाल दिवा एकटाच चालू.

गावाला वाटलं, उरलेलं सामान न्यायला आले होते. मार्तंड परतला तो पार खचून. "आई शेवटपर्यंत बोललीच नाही." त्याला तेव्हा कुठे सांगणार? आणि म्हटलं, असल्या सिनेमात कोण ठेवतंय पाठ!

ठेवलीन. पूर्ण चार मिनिटं.

११ जानेवारी, रविवार

मार्तंड आज पोफळींना पाणी सोडताना गुणगुणत होता. मी त्याला गुणगुणताना ऐकलं त्याला जमाना झाला. चहा देताना म्हणाला, "आई शेवटी हसली, विनिता. म्हणजे राग गेला होता तिचा. तोंडानं बोलली नाही एवढंच."

आता सांगा, मी ह्याला काय सांगू? सांगितलं तर आई दुसऱ्यांदा मरते, आणि तीही रागावलेली. नाही सांगितलं तर मी जन्मभर त्या लुगड्यात! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१२ जानेवारी, सोमवार

आश्लेषाचा पुण्याहून फोन. लेक नुसती किंचाळत होती. "आई, आजी व्हायरल झालीय!" मग वाचून दाखवलंन. एका पेपरात लिहिलंय, प्रेक्षकांच्या सहनशीलतेची परीक्षा, तिकिटाबरोबर उशी द्यावी. दुसऱ्यात लिहिलंय, गेल्या कित्येक वर्षांत मराठी पडद्यावर अशी बोलकी पाठ दिसली नाही. 'कट म्हणण्याचा मोह टाळण्याचं धाडस दिग्दर्शकानं दाखवलं आहे.'

धाडस! वडापावचा मोह टाळता आला नाही म्हणावं!

आणि पोरापोरींत वाद पेटलाय म्हणे, म्हातारी हसतेय की रडतेय? त्यावर मतदान चालू आहे. माझ्या पाठीवर मतदान! मी विचारलं, पुढे कोण आहे? म्हणाली, "हसतेय पुढे आहे. पण थोडक्यात."

फोन ठेवताना म्हणाली, "आई, आता तरी ये ना इकडे. दोन महिने. नुसती राहा." म्हटलं, बघते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वर्षाच्या आत म्हणून आमच्याकडे काही नाही, तरी बायका आल्याच. तिळगूळ निमित्ताला. खरं म्हणजे खुर्ची बघायला. जिच्यासमोरून रोज ये-जा केली ती खुर्ची!

एक सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाली, "कुमुदकाकू रडतायत हो. माड तोडल्याचं दुःख." दुसरी म्हणाली, "छे, सुपारी नाकात गेली असेल." तिसरीनं सिनेमाला नावं ठेवून ठेवून तोंड दुखवून घेतलं, आणि शेवटी डोळे पुसत म्हणाली, "पण ती पाठ बघून मला माझी आई आठवली हो." मार्तंड आतून ऐकत होता. बाहेर आला. "आई हसतेय. मी मुलगा आहे, मला कळत नाही?" सगळ्यांनी माना हलवल्या.

आवडाबाई अंगण झाडत होती. झाडू थांबला. मी डोळे मोठे केले तसा परत सुरू झाला.

१७ जानेवारी, शनिवार

मुंबईचे लोक. मांडव्याला बोटीतून गाडीसकट उतरतात आणि तडक इथे. कोणीतरी नकाशावर टाकलंय म्हणे, 'कट म्हणा वाली ओटी'. मार्तंड सगळ्यांना हौसेनं सांगत बसतो, आई कशी बसायची, आडकित्ता कसा धरायची. शहाळी पाजतो, वर पैसे घेत नाही.

आज एक मुलगी खुर्चीचा फोटो काढत होती. मी पापड वाळत घालत होते. म्हणाली, "आंटी, जरा साइडला व्हाल? फ्रेममध्ये येताय."

झाले साइडला.

१८ जानेवारी, रविवार

विहंगचा फोन आला. बाहेरदेशी कुठल्याशा महोत्सवात जातोय सिनेमा. "काकू, तुमच्यामुळे! पण काकू, आपलं सीक्रेट हं. लोकांना आजीच हव्यात." लोकांना हव्यात म्हणे! मी म्हटलं, "अरे, माझ्या नवऱ्याला हव्यात, त्याचं काय करू?" मग म्हणाला, "काकू, हा सीन भारी आहे. मी लिहून ठेवू का?"

फोन आपटला. कशातही सिनेमाच दिसतो मेल्यांना.

संध्याकाळी मार्तंड म्हणाला, "खुर्ची रिकामी बरी दिसत नाही गं. तू बसत जा संध्याकाळची. हल्ली तू अगदी आईच्या वळणावर गेलीयस."

प्रेमानं म्हणाला. तेच वाईट. रागानं म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

१९ जानेवारी, सोमवार

बसले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

२० जानेवारी, मंगळवार

मार्तंड परत सिनेमाला जाऊन आला. आता एकच खेळ उरलाय, दुपारचा. जेवायला बसला आणि घास हातात धरून म्हणाला, "आईची कंबर इतकी धरलेली असायची. मग सिनेमाच्या शेवटी एवढी ताठ कशी बसलीय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी गोळी दिली होती मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. आता गोळीही सांभाळायला लागणार.

"तरीच," म्हणाला आणि भाताला हात घातला.

२२ जानेवारी, गुरुवार

वन्सं आल्या. उरणहून, ट्रेलरच्या रांगांना शिव्या घालत. यजमानांचे स्वतःचेच चार ट्रेलर बंदरावर फिरतात, तरी शिव्या त्यांनाच. सिनेमा पनवेलला बघून आल्या होत्या. उंबऱ्यातूनच, "मार्तंड, काय रे हा चावट सिनेमा! बकरी काय, नि ते कॅमेरे काय! आपल्या आईला जोकर केलंनीत!"

"शेवट बघितलास ना पण?"

"बघितला. रडतेय आई."

"हसतेय."

"अरे, आई हसली कधी? माझ्या लग्नात नाही हसली. तुझा निकाल लागला तेव्हा नाही हसली. कॅमेऱ्यासमोर हसेल?"

"माझ्यासाठी हसली!" मार्तंडचा आवाज एकदम चिरकला. "केसर, आठ महिने एका घरात राहून बोलली नाही माझ्याशी. मी मागच्या खोलीत झोपायचो, तिची खोकल्याची उबळ ऐकायचो, पण पाणी विनितानं न्यायचं. मेल्यावर तिच्या पायावर डोकं ठेवलं तर पाय गार. माझ्याजवळ दुसरं काय आहे? ते चार मिनिटांचं हसणं तेवढं आहे. ते तरी राहू दे!"

वन्सं मटकन खाली बसल्या. दोघं बहीणभाऊ रडले. मी पाण्याचे पेले घेऊन मध्ये उभी. नेहमीसारखी मध्ये!

आवडाबाई मागल्या दारी माझी वाट बघत होती. "वैनी, माझ्या पोटात मावत न्हाय आता. दादांना सांगून टाकू का? सपनात म्हातारी येतंय. लुगडा मागतंय." मी तिचे हात धरले. म्हटलं, बाई, वर्षश्राद्ध होऊ दे. तोवर अळीमिळी गुपचिळी. म्हणाली, "तूच सांग मंग. नवरा हाय तुजा, वाघ न्हाय."

वाघ असता तर सोपं होतं.

२४ जानेवारी, शनिवार

आश्लेषाचा परत फोन. तिकीट काढू का? मार्तंड शेजारीच होता. म्हणाला, "आत्ता कुठे? शनिवार-रविवार एवढी माणसं येतात. ओटीवर घरचं कोणीतरी असायला नको? आई एक दिवस ओटी सोडून गेली नाही." माझ्याकडे बघून नाही म्हणाला. खुर्चीकडे बघून म्हणाला.

आता लिहितेच, का रडत होते ते.

सासूबाई गेल्या त्या दिवशी, सगळं गाव अंगणात असताना, मला पहिलं काय वाटलं? आता पुण्याला जाता येईल. लेकीच्या खोलीत दोन महिने. कोणाचा चहा नाही, कोणाचा निरोप कोणाला द्यायचा नाही. वाटलं ते वाटलं. लाज नाही वाटली.

मग त्या लुगड्यात, त्या खुर्चीत बसले. आणि ती खुर्ची मला बसली! मापाची चप्पल बसावी तशी. पाठीला जिथे खळगा हवा तिथे खळगा. हात टेकायला गुळगुळीत झालेली जागा, तिथेच माझं कोपर. समोर तोच फाटकाचा तुकडा, तेच दोन माड. लग्न होऊन या फाटकातून आत आले तेव्हा सासूबाई साधारण माझ्या आजच्या वयाच्या होत्या. तेव्हाही याच खुर्चीत होत्या. म्हणजे त्यांनाही कधीतरी कोणीतरी 'जरा बस' म्हटलं असणार. आणि 'ऊठ' म्हणायला विसरले असणार.

मी सासूबाईंसाठी रडले नाही. तिथे माझ्यासाठी रडले. थोडी त्यांच्यासाठीही, पण ते नंतर.

आणि यावर लोक मतदान करतायत!

२५ जानेवारी, रविवार

मार्तंडनं खुर्चीला हार घातला. प्लॅस्टिकचा. धुता येतो म्हणून.

मग दुपारच्या खेळाला गेला. आता थिएटरवालाही ओळखतो, तिकीट न बघता आत सोडतो.

२६ जानेवारी, सोमवार

काल सिनेमाहून आला तो गप्प. आज झेंड्याला गेला, आला, गप्पच. ताप आहे का म्हणून हात लावून बघितला. नाही.

दुपारी मी परसदारी बसून सुपारी कातरत होते. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासायची खोड आहे मला. लहानपणापासून. वर बघितलं तर मार्तंड दारात उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. "काय हवंय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाला. आत गेला. चहा स्वतः करून घेतलान!

२७ जानेवारी, मंगळवार

पुण्याची गाडी फाटकात थांबली. चार माणसं, कॅमेरे गळ्यात. मार्तंड बाहेर जाऊन म्हणाला, "आज बंद आहे." बंद? म्हटलं, अहो, काय झालं? तर म्हणाला, "रोज रोज काय तेच."

सिनेमाचा कंटाळा आला असेल. मग माझी सुटका. पण असं बघवतही नाही. गुणगुणणं थांबलंय. खुर्चीवरचा हार काढून कपाटावर टाकलाय. मी विचारलं तर म्हणाला, धूळ बसते.

आवडाबाईला कोपऱ्यात घेतलं. "तू बोललीस काही?" तिनं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतलीन. "म्हातारीची आन. म्या न्हाय बोलले."

मग ह्याला झालंय काय? वन्संचं मनाला लागलं का? आई रडत होती असं वाटायला लागलं का? तसं असेल तर मीच सांगायला हवं, ती नव्हतीच म्हणून. पण मग आईचं काहीच उरत नाही ह्याच्याजवळ. ना हसणं, ना रडणं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२८ जानेवारी, बुधवार

उद्या सिनेमा उतरतोय. परवा नवीन लागणार, मारामारीचा. गाव खूश.

रात्री जेवताना मार्तंड म्हणाला, "उद्या शेवटचा खेळ. तूही चल."

"मी? मला काय करायचंय? एकदा बघितला की."

"तू बघितला नाहीस. डोळे मिटून बसली होतीस."

हे त्यानं कधी बघितलं?

कपाटात हिरवी साडी वर आली होती, ती परत खाली ठेवली. उद्या निळी नेसेन. ठरवलंय. थिएटरातून बाहेर पडलो की सांगून टाकायचं. काय व्हायचं ते होऊ दे. किंवा घरी आल्यावर. किंवा वर्षश्राद्ध झाल्यावर.

२९ जानेवारी, गुरुवार

थिएटरात आम्ही दोघं आणि एक झोपलेला माणूस. बकरीला कोणी हसलं नाही. शेवटची पाठ आली. आज मी डोळे उघडे ठेवले. आडकित्त्याचा आवाज, हलणारे खांदे, आणि लुगड्याच्या काठाखाली एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर. मी मार्तंडकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

येताना आक्षीच्या पुलावर स्कूटर थांबवलीन. खाली भरती लागली होती. उतरला नाही, मागे वळलाही नाही. मला त्याची पाठच दिसत होती.

म्हणाला, "विनिता, त्या दिवशी तू का रडत होतीस?"